तारा (बौद्ध करुणादेवता)

महायान व वज्रयान या बौद्ध पंथांतील करुणेची आणि संकटनिवारणाची देवता. ‘तॄ’ म्हणजे तरून जाणे या संस्कृत धातूपासून हे नाव सिद्ध झाले असून, भवसागरातून आणि प्रत्यक्ष सागरातूनही तारून नेणारी, असा त्याचा दुहेरी अर्थ उपासकांनी घेतलेला आहे. तिबेटात ती आजही सर्वाधिक लोकप्रिय देवता आहे. नेपाळात तिची पूजा चालू आहे. भारतात मात्र तिच्या मूर्ती उरल्या व उपासना लोपली. चीन, कोरिया, जपान व व्हिएतनाम या देशांत करुणादेवता म्हणून पुजली जाणारी ग्वानयिन (जपानमध्ये कान्नोन) आणि तारा एकच, असे विधान लोकप्रिय लेखनात वारंवार आढळते. ते बरोबर नाही. दोघींचे मूळ एकाच बोधिसत्त्वात, अवलोकितेश्वरात, असले, तरी करुणेला स्त्रीरूप प्राप्त होण्याची प्रक्रिया दोन्ही ठिकाणी निरनिराळ्या मार्गांनी घडली. भारतीय मार्गाचा सर्वांत स्पष्ट शिल्पगत पुरावा महाराष्ट्रातील लेण्यांत आहे आणि तो पुरेशा काळजीने वाचला गेलेला नाही.

प्राचीन बौद्ध धर्मात करुणेची स्वतंत्र देवता नव्हती. करुणा हा बुद्धाचा गुण आणि साधकाने जोपासावयाची वृत्ती. मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा या चार ब्रह्मविहारांत तिची गणना होते. तथापि देवता नव्हती म्हणून स्त्रिया नव्हत्या, असे मात्र नाही. या दृष्टीने रायगड जिल्ह्यातील कुडा येथील लेणी उद्‌बोधक आहेत. माणगावच्या पश्चिमेस, राजापुरी खाडीच्या बाजूच्या डोंगरात हा २६ लेण्यांचा समूह आहे. हे गाव पूर्वी कुलाबा जिल्ह्याच्या माणगाव तालुक्यात मोडत असे. आता ते तळा तालुक्यात आहे. येथील ब्राह्मी लेख जेम्स बर्जेस व भगवानलाल इंद्रजी यांनी १८८१ मध्ये प्रसिद्ध केले. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतील या लेखांत महाभोज घराण्यातील व्यक्ती, लेखनिक, वैद्य, माळी अशा निरनिराळ्या थरांतील दात्यांची नावे येतात. पदुमणिका ही भिक्षुणी लेणे आणि पाण्याचे टाके दान देते. तिची आई नागणिका हीदेखील प्रव्रजित आहे. दानात पदुमणिकेच्या बोधी व आषाढमित्रा या शिष्या सहभागी आहेत. सहाव्या क्रमांकाच्या लेण्यातील शिल्पकाम शिवम याने पत्नी विजया व मुलांसह करविले आणि तेथील स्तंभ कुटुंबातील स्त्रियांच्या नावे नोंदलेले आहेत. आई, लेक व शिष्या अशी तीन पदरांची स्त्रीपरंपरा एका छोट्याशा दानलेखात एवढ्या स्पष्टपणे क्वचितच दिसते. मात्र पूजेसाठी या स्त्रियांसमोर होता तो स्तूप. देवीची मूर्ती नव्हे.

कुड्यालाच पुढे, सु. पाचव्या-सहाव्या शतकांत, जुन्या भिंतींवर नव्याने बुद्धमूर्ती कोरण्यात आल्या. सिंहासनस्थ बुद्ध, त्याच्या बाजूंस चवरीधारी सेवक, खाली कमळाचा देठ पेलणारे नाग, असे त्यांचे स्वरूप आहे. या काळातील एका लेखात व्याघ्रका नावाच्या शाक्य उपासिकेच्या दानाचा उल्लेख येतो. म्हणजे आरंभीच्या टप्प्यात भिक्षुणी आणि अखेरच्या टप्प्यात उपासिका, असे स्त्रीदात्यांचे सातत्य येथे राहिले; पण या उत्तरकालीन शिल्पांतही मध्यवर्ती स्थान बुद्धाचेच आहे. स्त्रीभक्तांच्या संख्येमुळे वा आग्रहामुळे देवी निर्माण होते, हे सोपे समीकरण कुड्याच्या पुराव्यावर टिकत नाही. उलट, पश्चिम भारतातील लेखांतून भिक्षुणींची नावे विरळ होत गेली, त्याच काळात गुंफांच्या भिंतींवर देवींच्या मूर्ती वाढत गेल्या. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध कार्यकारणाचा आहे की निव्वळ समकालीनत्वाचा, हा प्रश्न ताराविषयक लेखनात सहसा विचारलाच जात नाही. देवतेचा सन्मान म्हणजे स्त्रीचा सन्मान, हे गृहीत धरल्याने तो दृष्टीआड झाला असावा.

अवलोकितेश्वर आणि संकटे : करुणेचे मूर्तिमंत रूप म्हणून प्रथम प्रतिष्ठा पावला तो अवलोकितेश्वर हा बोधिसत्त्व, आणि तो पुरुषरूपी आहे. ‘सद्धर्मपुंडरीक’ या महायान सूत्रातील ‘समंतमुख’ नावाच्या प्रकरणात त्याचे माहात्म्य वर्णिले आहे. अग्नी, पूर, वादळात भरकटलेले जहाज, वधस्तंभ, बेड्या, वाटमारी अशा प्रसंगी जो त्याचे नाव घेईल त्याची सुटका होते. अपत्याची इच्छा करणाऱ्या स्त्रीला मुलगा वा मुलगी होते, असे तेथे सांगितले आहे. या यादीतील संकटे कोणावर येतात, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ती घरी बसलेल्या गृहस्थापेक्षा माल घेऊन निघालेल्या व्यापाऱ्याची आणि तांड्याबरोबर चालणाऱ्या भिक्षूची संकटे आहेत. सह्याद्रीच्या घाटवाटा आणि कोकणच्या खाड्या यांच्या आधाराने वाढलेल्या लेण्यांत हा विषय आवडीने कोरला गेला, यात नवल नाही.

अजिंठा येथील चौथ्या व सव्विसाव्या लेण्यांत, कान्हेरी येथे आणि औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथील सातव्या लेण्यात हे शिल्पपट आढळतात. मध्यभागी उंच, उभा बोधिसत्त्व, हाती कमळ, मुकुटात अमिताभाची लहान प्रतिमा आणि दोन्ही बाजूंच्या चौकटींत एकेक संकट, अशी रचना असते. कान्हेरीच्या नव्वदाव्या लेण्यातील पट समुद्रकिनाऱ्यापासून जवळ असलेल्या विहारातला असल्याने त्यातील नौकेच्या प्रसंगाला विशेष अर्थ प्राप्त होतो. (याच लेण्यात १००९ व १०२१ मध्ये येऊन गेलेल्या इराणी प्रवाशांचे पहलवी लेखही आहेत, लेण्यांची ख्याती समुद्रमार्गे कशी पसरत असे, याची ती साक्ष होय.) प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या पटातील महत्त्वाचा भाग वेगळा आहे. बोधिसत्त्वाच्या दोन्ही बाजूंस एकेक स्त्री उभी आहे. एक अलंकारांनी मढलेली. दुसरी जटाधारी, तपस्विनीच्या वेषातील. पहिलीस तारा व दुसरीस भृकुटी म्हणण्याची प्रथा अभ्यासकांत रूढ आहे. दोघींच्या मूर्तींचे आकारमान बोधिसत्त्वापेक्षा लहान आहे. संकटग्रस्तांची दृष्टी त्याच्याकडे आहे, त्यांच्याकडे नाही.

कान्हेरीच्या एकेचाळिसाव्या लेण्यात अवलोकितेश्वराची एकादशमुखी, चतुर्भुज मूर्ती आहे. भारतातील शैलगृहांत हे रूप अत्यंत दुर्मिळ. चीन, तिबेट व जपान येथे मात्र ते विपुल आहे. सर्व दिशांना एकाच वेळी पाहू शकणारी करुणा, ही कल्पना या रूपामागे आहे. शिल्प म्हणून कान्हेरीची मूर्ती फारशी यशस्वी म्हणता येणार नाही. मस्तकांचे थर शरीरावर रचून ठेवल्यासारखे वाटतात. तरी आशियाभर गेलेल्या एका कल्पनेचा आरंभीचा दगडी नमुना मुंबईच्या उपनगरात उभा आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी.

औरंगाबाद येथील सातवे लेणे : सहाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या सुमाराचे हे लेणे भारतातील ताराविषयक शिल्पांचे केंद्रस्थान मानावे लागेल. ओसरीत शिरताच दाराच्या बाजूस अवलोकितेश्वराचा संकटपट आहे. त्यातील आठ प्रसंग डाव्या-उजव्या बाजूंना चार-चार असे विभागलेले असून, प्रत्येक प्रसंगात बोधिसत्त्वाची छोटी प्रतिमा आकाशातून धावून येताना दाखविली आहे. अग्नी, शत्रूचे खड्ग, बेड्या, बुडते जहाज, सिंह, सर्प व हत्ती यांच्याबरोबर अखेरचे संकट मायलेकरांवर चालून आलेल्या मृत्यूचे आहे. प्रवाशांच्या संकटांच्या या मालिकेत घरातल्या स्त्रीचे हे एकच संकट शिरले आहे आणि सबंध पटात तेच सर्वांत भेदक उतरले आहे. ओसरीच्या एका उपगृहात पांचिक व हारीती हे दांपत्य आहे. मुले खाणारी यक्षिणी बुद्धाच्या उपदेशाने मुलांची रक्षणकर्ती झाली, अशी हारीतीची कथा असून अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातही तिचे स्वतंत्र उपगृह आहे. समोरच्या उपगृहात सहा स्त्रीमूर्ती ओळीने उभ्या असून त्यांच्या एका टोकास बोधिसत्त्व व दुसऱ्या टोकास बुद्ध आहे.

खरा बदल आत दिसतो. या लेण्याचा गाभारा दालनाच्या मध्यावर, भोवती प्रदक्षिणापथ सोडून कोरलेला आहे. पश्चिम भारतातील महायान लेण्यांत गाभाऱ्याच्या दाराशी सामान्यतः दोन बोधिसत्त्व उभे असतात. येथे त्या जागी परिवारासह उभ्या असलेल्या भव्य स्त्रीमूर्ती आहेत. द्वाररक्षकाचे, म्हणजेच भक्ताला बुद्धापर्यंत पोहोचविणाऱ्या मध्यस्थाचे, पद येथे स्त्रीला मिळाले आहे. या मूर्तींची भरघोस केशरचना, पुढे झुकलेला एक पाय, कमरेशी टेकलेला हात आणि शेजारच्या ठेंगण्या सेवकांमुळे जाणवणारी उंची यांमुळे त्या भिंतीला चिकटलेल्या वाटत नाहीत. गाभाऱ्यात प्रलंबपाद बुद्धाच्या एका बाजूच्या भिंतीवर नर्तकी व तिच्याभोवती सहा वादक स्त्रिया असा प्रसिद्ध नृत्यपट असून, समोरच्या भिंतीवर बोधिसत्त्व व स्त्री यांचे युगुल आहे. या नर्तकीस ‘नृत्य करणारी तारा’ म्हटले जाते. तिच्या हाती तारेचे कोणतेही निश्चित लक्षण नाही. ही देवता आहे, की बुद्धापुढे नृत्यगीताची पूजा अर्पण करणारी स्त्री आहे, हे केवळ मूर्तीवरून ठरविता येत नाही.

येथे एका पद्धतिदोषाचा उल्लेख करणे भाग आहे. महाराष्ट्रातील लेण्यांमधील या स्त्रीमूर्तींखाली नावे कोरलेली नाहीत. त्यांची ओळख पटविण्यासाठी अभ्यासकांनी प्रामुख्याने ‘साधनमाला’ या ध्यानसंग्रहाचा आधार घेतला. विनयतोष भट्टाचार्य यांनी बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत त्याचे दोन खंड १९२५ व १९२८ मध्ये संपादित केले. संग्रह अत्यंत मोलाचा आहे. पण त्याचे आजचे रूप लेण्यांनंतर काही शतकांनी सिद्ध झाले आणि त्याची पार्श्वभूमी पूर्व भारताची आहे. बंगाल-बिहारमधील पालकालीन मूर्तींना त्यातील ध्याने चपखल बसतात. त्याच ध्यानांची मोजपट्टी सहाव्या शतकातील दख्खनच्या मूर्तींना लावली, की हाती कमळ दिसले की तारा, अक्षमाला दिसली की भृकुटी आणि मोर दिसला की महामायूरी, अशी यांत्रिक नामकरणे सुरू होतात. महामायूरीच्या बाबतीत हा निकष बहुधा योग्य ठरतो. वेरूळच्या सहाव्या लेण्यात तिच्याशेजारी मोर आहे, आणि खाली पोथी वाचणारा भिक्षूही आहे. धारणीपठनाचा संदर्भ शिल्पकाराने स्वतःच दिलेला आहे. केवळ कमळधारी स्त्रीविषयी तसे म्हणता येत नाही. कमळ हे या काळात पावित्र्याचे सर्वसामान्य चिन्ह होते. म्हणून ‘तारा’ हे नाव देताना मूर्तीचे स्थान, तिचा परिवार आणि तिला दिलेले कार्य या तीन गोष्टी पाहणे अधिक सुरक्षित होय.

या कसोटीवर निर्णायक ठरणारे शिल्प वेरूळला आहे. दुर्दैवाने तेथपर्यंत फार थोडे प्रेक्षक पोहोचतात. सहाव्या लेण्यातून ज्यात प्रवेश मिळतो त्या नवव्या क्रमांकाच्या लहानशा लेण्याच्या दर्शनी भागावर, नजरेच्या बऱ्याच वर, संकटपट कोरलेला आहे. सर्प, खड्ग, हत्ती, अग्नी व बुडते जहाज हे प्रसंग ओळखता येतात. मध्यभागी मात्र अवलोकितेश्वर नाही, स्त्री आहे. कान्हेरीला जी बाजूला उभी होती, औरंगाबादला जी दाराशी आली, तिच्याकडे येथे तारण्याचे काम पूर्णपणे सोपविलेले आहे. ही स्त्री तारा होय, असे नाव कोरलेले नसतानाही निःशंकपणे म्हणता येते. कारण ‘अष्टमहाभय’ दूर करणे हेच तारेचे विशेष कार्य पुढील स्तोत्रांत व पूर्व भारतातील मूर्तींत दिसते. दोन-अडीच शतकांच्या आत, एकाच प्रदेशात, एका देवतेचे कार्य दुसरीकडे कसे गेले, याचा एवढा सलग पुरावा अन्यत्र मिळणे कठीण.

वेरूळची बौद्ध लेणी (क्र. १ ते १२) सातव्या शतकात व आठव्याच्या आरंभी कोरली गेली. शेवटच्या बाराव्या, म्हणजे ‘तीन थाळ’ लेण्याच्या वरच्या मजल्यावर, गाभाऱ्यापुढील अंतराळात बारा देवी कमळांवर बसलेल्या आहेत. रमेश शंकर गुप्ते यांनी वेरूळच्या बौद्ध मूर्तिशास्त्रावरील आपल्या १९६४ च्या ग्रंथात या मूर्तींचा तपशीलवार विचार केला आहे. मंडलरचनेच्या अभ्यासाला या लेण्याइतके महत्त्वाचे दुसरे स्थळ महाराष्ट्रात नाही. कलेच्या दृष्टीने मात्र येथे काही हरवले आहे. एका साच्याच्या बैठका, समान उंची, हातातील चिन्हापुरता फरक. देवी संख्येने वाढल्या आणि व्यक्तित्वाने उणावल्या. औरंगाबादच्या द्वारस्त्रिया येणाऱ्याकडे पाहतात. तीन थाळमधील देवी मंडलातील आपली जागा राखतात. विधीची गरज वाढली, की शिल्पाची मोकळीक कमी होते, याचे हे उदाहरण आहे. तीच गोष्ट पुढे तिबेटी चित्रपटांतील एकवीस तारांच्या मांडणीतही जाणवते.

तारेचे परिपूर्ण मूर्तिविधान पूर्व भारतात आठव्या ते बाराव्या शतकांत सिद्ध झाले. श्यामतारा ललितासनात बसते. तिचा उजवा पाय खाली कमळावर टेकलेला, उजवा हात वरदमुद्रेत आणि डाव्या हाती नीलकमळ असते. खाली आलेला पाय म्हणजे भक्ताच्या हाकेसरशी उठण्याची तयारी, असे त्याचे स्पष्टीकरण परंपरेत देतात. सिततारा पद्मासनस्थ असून तिबेटी परंपरेत तिला सात नेत्र असतात. तळहात, तळपाय व कपाळावरील नेत्र सर्वत्र लक्ष असल्याचे सुचवितात. खदिरवनी तारेच्या बाजूस अशोककांता मारीची व एकजटा असतात. सातव्या शतकात ह्युएनत्संगाने मगधातील एका विहारात बुद्धाच्या एका बाजूस तारा व दुसऱ्या बाजूस अवलोकितेश्वर अशा उंच मूर्ती पाहिल्याचे नोंदविले आहे. म्हणजे तोवर ती त्याच्या बरोबरीला आलेली होती. काश्मीरमधील सर्वज्ञमित्र याने आठव्या शतकाच्या सुमारास स्रग्धरा वृत्तात रचलेले तारास्तोत्र संस्कृत बौद्ध काव्यातील उत्कृष्ट रचनांत गणले जाते.

या उपासनेचा प्रसार मुख्यतः समुद्रमार्गे झाला. जावा बेटावरील कलसन येथील ७७८ चा संस्कृत शिलालेख शैलेंद्र राजवटीत तारेचे मंदिर बांधल्याचे सांगतो. श्रीलंकेत, थेरवादाच्या भूमीत, सापडलेली आठव्या शतकाच्या सुमाराची सोनेरी मुलाम्याची उंच ब्राँझमूर्ती लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये आहे. पश्चिम किनाऱ्याचा पूर्वेशी संबंधही या काळात तुटलेला नव्हता. कान्हेरीच्या नवव्या शतकातील एका लेखात गौड देशाहून, म्हणजे बंगालमधून, आलेल्या अविघ्नाकर या बौद्ध उपासकाच्या शंभर द्रम्मांच्या दानाची नोंद आहे. तो तारेचा उपासक होता असे लेखात म्हटलेले नाही व तसा तर्कही करू नये. परंतु ज्या प्रदेशात ताराभक्ती बहरात होती तेथील माणसे कोकणात येत-जात होती, एवढे त्यावरून निश्चित होते. रत्नागिरी जिल्ह्यातील पन्हाळे काजी येथील लेणी मधुसूदन नरहर देशपांडे यांनी प्रकाशात आणली. तेथील दहाव्या लेण्यातील महाचंडरोषणाची मूर्ती कोकणात वज्रयान पोहोचल्याचा स्पष्ट पुरावा आहे. पुढे तीच लेणी नाथपंथीयांनी वापरली.

दख्खनमध्ये तारेचे नाव घेऊन बोलणारा मोठा लेख महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे, कर्नाटकातील डंबळ (जि. गदग) येथे आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी सहाव्या विक्रमादित्याच्या काळातील, १०९५-९६ चा हा लेख तारेच्या स्तुतीने सुरू होतो आणि तेथील सोळा शेट्टींनी बांधलेल्या बौद्ध विहाराला व लोक्किगुंडीच्या (लक्कुंडी) शेट्टीने बांधलेल्या तारेच्या विहाराला दिलेल्या दानांची नोंद करतो. संकटांची यादी तीच आहे आणि दातेही तेच आहेत: व्यापारी. कान्हेरीच्या पटापासून डंबळच्या लेखापर्यंतच्या पाच शतकांत देवता बदलली, भाषा बदलली, राजवटी बदलल्या. वाटेवरच्या माणसाची भीती बदलली नाही. कोल्हापूरचा शिलाहार राजा गंडरादित्य याने १११० च्या सुमारास मिरज भागात एका तलावाच्या काठी शिव, जिन यांच्याबरोबर बुद्धाचेही मंदिर उभारले होते. म्हणजे बाराव्या शतकाच्या आरंभापर्यंत दक्षिण महाराष्ट्रात बौद्ध उपासना अपरिचित नव्हती.

या उत्तरकाळाच्या आधाराने महाराष्ट्रातील अनेक ग्रामदेवता मुळात ताराच होत, असे मत मांडले जाते. कार्ल्याच्या चैत्यगृहालगतची एकवीरा हे त्याचे नेहमीचे उदाहरण. बौद्ध स्थळांचा नंतर इतरांनी वापर केला, हे पन्हाळे काजीसारख्या ठिकाणी सिद्धच आहे. पण स्थळ एक असणे आणि देवता एक असणे या निराळ्या गोष्टी होत. कोळी व इतर समाजांच्या कुलदेवतांना स्वतःचा, कदाचित बौद्ध लेण्यांहूनही जुना, इतिहास असू शकतो. मूर्तिलक्षण वा लेख नसताना केलेले असे समीकरण त्या देवतेवरही अन्याय करते आणि तारेवरही. शाक्त परंपरेतील दशमहाविद्यांपैकी तारा ही मात्र नावाने व ध्यानातील काही तपशिलांनी बौद्ध परंपरेशी, विशेषतः उग्र एकजटेशी, निःसंशय निगडित आहे.

चीनमधील मार्ग : चीनमध्ये तारेला फारसे स्थान मिळाले नाही, तेथे अवलोकितेश्वरच स्त्री झाला. या बदलाची बीजे भाषांतरात सापडतात. ‘सद्धर्मपुंडरीका’च्या उपलब्ध संस्कृत पाठात अवलोकितेश्वर धारण करीत असलेल्या रूपांत स्त्रीरूप नाही. कुमारजीवाने ४०६ मध्ये केलेल्या चिनी भाषांतरात मात्र ३३ रूपे असून त्यांपैकी ७ स्त्रीरूपे आहेत. तरीही थांग काळापर्यंत (६१८–९०७) ग्वानयिन मिशी असलेला पुरुषच आहे. दहाव्या शतकापासून शुभ्रवस्त्रा ग्वानयिनची रूपे दिसू लागतात. हनान प्रांतातील श्यांगशान येथे ११०० मध्ये कोरलेल्या शिलालेखात म्याओशान या राजकन्येची कथा येते: विवाह नाकारल्याबद्दल पित्याने छळलेली ही कन्या पुढे त्याच पित्याच्या औषधासाठी आपले डोळे व हात देते आणि सहस्रहस्त, सहस्रनेत्र ग्वानयिन म्हणून प्रकट होते. संन्यास व पितृभक्ती यांतील विरोध चिनी समाजाला नेहमी बोचत असे; या कथेने तो सोडविला. अपत्य देणारी ग्वानयिन हे रूप फूच्येन प्रांतातील द-ह्वा येथील पांढऱ्या चिनीमातीच्या मूर्तींतून घरोघर पोहोचले. त्याच्या मुळाशी ‘समंतमुख’ प्रकरणातील अपत्यदानाचे आश्वासन असून, हारीतीच्या कल्पनेचाही त्यात अंश मिसळला असावा. जपानमध्ये हे रूपांतर अर्धवट राहिले. क्योतो येथील सान्‌जूसांगेन्‌दो या १२६६ मध्ये पुन्हा उभारलेल्या मंदिरातील १,००१ कान्नोन मूर्ती स्त्री-पुरुष भेदापलीकडच्या वाटतात, आणि कानो होगाई याच्या ‘हिबो कान्नोन’ या १८८८ च्या चित्रात बालकाकडे पाहणाऱ्या मातृरूपी कान्नोनच्या ओठावर मिशीची पुसट रेघ आहे. ख्रिस्ती धर्मावर बंदी असताना जपानी ख्रिस्ती कुटुंबांनी मेरीची उपासना अशाच मूर्तींसमोर केली.

दोन्ही मार्गांची तुलना केल्यास भारतीय मार्गाचे वैशिष्ट्य उठून दिसते. चीनमध्ये पुरुष देवता स्त्री झाली. भारतात पुरुष देवतेच्या शेजारची स्त्री पुढे आली. पहिल्यात रूपांतर आहे, दुसऱ्यात पदोन्नती. तिबेटी इतिहासकार तारानाथ याने १६०४ मध्ये तारेच्या उत्पत्तीवर लिहिलेल्या ग्रंथातील एक कथा या संदर्भात बोलकी आहे. ज्ञानचंद्रा नावाच्या राजकन्येस भिक्षू सांगतात, की तुझे पुण्य एवढे थोर आहे, तर पुढील जन्मी पुरुषदेहाची इच्छा कर. ती उत्तर देते, की स्त्री आणि पुरुष हे भेद मुळात खरे नाहीत. पण पुरुषदेहाने बोधी इच्छिणारे पुष्कळ आहेत, म्हणून आपण संसार रिता होईपर्यंत स्त्रीदेहानेच प्राण्यांचे हित करू. हीच पुढे तारा झाली. अवलोकितेश्वराच्या अश्रूतून तारा जन्मली, ही अधिक प्रसिद्ध कथा तिला त्याच्यावर अवलंबून ठेवते. ज्ञानचंद्रेची कथा तसे करीत नाही. बौद्ध परंपरेत स्त्रीदेहाला कनिष्ठ मानणारी वचने आहेत, हे न लपविता त्यांना परंपरेच्या आतूनच दिलेले हे उत्तर आहे. तथापि तिबेटातही या कथेमुळे भिक्षुणीसंघाची स्थिती भिक्षुसंघाच्या तोडीची झाली नाही, हेही नोंदविले पाहिजे.

आधुनिक महाराष्ट्रातील बौद्ध जीवनात तारेला स्थान नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दीक्षा घेऊन अनुयायांना दिलेल्या २२ प्रतिज्ञा देवतापूजा व अवतारकल्पना नाकारतात, आणि करुणा ही आचरणाची बाब मानतात. १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची भूमी असलेले महाड माणगावच्या दक्षिणेस, त्याच महामार्गावर आहे. त्या परिसरातील विहारांत बुद्ध व आंबेडकर यांच्या प्रतिमा असतात, तारेची नसते. या दृष्टीने ते विहार वेरूळपेक्षा पदुमणिकेच्या कुड्याला अधिक जवळचे आहेत. ताराउपासना महाराष्ट्रात चालू राहिली आहे ती तिबेटी निर्वासितांत. गोंदिया जिल्ह्यातील प्रतापगडनजीकच्या नोर्ग्येलिंग या १९७२ मध्ये स्थापन झालेल्या वसाहतीमुळे, संकटपट कोरणाऱ्यांच्या प्रदेशात तारेचे नाव घेणारे लोक, तेही वाटेवरची संकटे सोसून आलेले, पुन्हा राहावयास आले.